कडेची पट्टी

वडिलांच्या स्लाइडी घरात आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्या माझ्या गळ्यात पडतील असं कधी वाटलं नव्हतं. भावानं चेन्नईहून फोन केला आणि म्हणाला, "तू आता रिकामीच आहेस, तूच त्या संगणकावर घे." रिकामी हा शब्द मला झोंबला. पुण्यात छपाईच्या धंद्यात पुस्तकांची पानं लावण्यात उभा जन्म घालवून मी कुंभकोणमला परत आले ती काकूसाठी, हातावर हात ठेवून बसायला नव्हे. रागाच्या भरातच मी हो म्हणून टाकलं. त्याच्याकडे त्या गेल्या असत्या तर जन्मभर माळ्यावर पडून राहिल्या असत्या, हेही दिसत होतंच.

काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूल झालं नाही. आईची शाळेत नोकरी होती, त्यामुळे आम्हा दोघां भावंडांना भरवलं, न्हाऊ घातलं, रागावलं ते काकूनं. मोठी माणसं एकेक करून गेली. जुनं घर पाडून तिथं तीन मजले उभे राहिले आणि त्यातल्या पहिल्या मजल्यावर आता आम्ही दोघी राहतो. तिनं ऐंशी ओलांडली आहे. स्वयंपाक अजून तीच करते, आणि मी कोथिंबीर कापली तर ती पुन्हा बारीक करून घेते.

घरात आम्ही आमची मराठी बोलतो. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या माणसांची ती भाषा, तमिळच्या शेजारात राहून राहून तिला तमिळचा हेल लागला आहे. पुण्यात पहिल्या वर्षी मी 'माझं', 'मला' याऐवजी 'मज' म्हटलं की ऑफिसातली मंडळी कीर्तनाला बसल्यासारखी बघायची. तेव्हा मी ती भाषा घडी घालून ठेवली आणि त्यांची उचलली. इथं परतल्यावर काकू माझ्या पुणेरी बोलण्याला हसते. दोन्हीकडून हसून घ्यायचं माझ्या नशिबी आहे.

तर स्लाइडी. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते: फोटोच्या फिल्मचा एकेक रंगीत तुकडा, पुठ्ठ्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या लहानशा चौकटीत बसवलेला. उजेडासमोर धरला की चित्र दिसतं, पण पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडंच मोठं. नीट बघायचं तर प्रोजेक्टर लावून भिंतीवर पाडावं लागतं. वडिलांना या प्रकाराचं वेड होतं. फिल्म धुवायला मद्रासला पाठवायची, आठवड्यांनी डबी यायची, आणि मग संध्याकाळी दारं लावून, पांढरी चादर टांगून खेळ. कागदावर त्यांनी एकही फोटो काढून घेतला नाही. कागदावर रंग मरतात म्हणायचे.

खेळाला पाहुणे यायचे, म्हणजे पाहुण्यांना कॉफी आणि डोसे. चादरीसमोर आम्ही सगळे, आणि काकू तव्यासमोर. एका वर्षी प्रोजेक्टरचा दिवा गेला, तसला दिवा पुन्हा मिळाला नाही, आणि डब्या कपाटात गेल्या त्या गेल्याच. हे मला काकूनंच आठवून दिलं, मी पहिली डबी उघडली त्या दिवशी. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, एक स्लाइड तिनं खिडकीकडे धरून पाहिली, डोळे बारीक केले आणि परत ठेवली. तिला एवढं लहान आता दिसत नाही.

"ह्यांत मी आहें गे," ती म्हणाली. "तुज वडील दर सणाला काढायचे. मी कधीं पाहिलं नाही. मज लग्नाच्या फोटोंत नुस्तीं फुलं दिसतात, मान खालीं. मी कशी होतें तें एकदां दाखव मला."

"दाखवते की," मी म्हटलं. "टीव्हीवर एवढी मोठी दाखवते."

हे मी अगदी सहज म्हटलं. नंतर दोन महिने हे वाक्य माझ्या ध्यानात राहिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

कॅमेरा माझ्याकडे होता, पुण्याला असताना घेतलेला. त्याच्या भिंगावर बसवायची एक नळी मिळते. एका तोंडाला आटे, ते भिंगावर फिरवायचे. दुसऱ्या तोंडाला खाच, तिच्यात स्लाइड सरकवायची. आणि पलीकडे दुधी काच, तिच्यातून मऊ उजेड येतो. कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे करून बटण दाबलं की स्लाइडीचा फोटो निघतो. मी ती मागवली, मागच्या खिडकीत तिपाई मांडली आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की नळी मोठ्या कॅमेऱ्यांसाठी केलेली आहे. माझ्या लहान कॅमेऱ्यात स्लाइड पूर्ण मावत नव्हती. नळी ताणता येईल तेवढी ताणली, तरी चारी बाजूंनी थोडं थोडं बाहेर राहायचं. डावी-उजवीकडे तर तांदळाचा दाणा मावेल एवढी पट्टी.

उपाय होता. मध्ये बसवायचं एक कडं मिळतं, त्यानं अंतर वाढतं आणि सगळी स्लाइड येते. ते त्या वेळी कुठं शिल्लक नव्हतं. थांबावं लागलं असतं. मी थांबले नाही. मला ओळखणारे सांगतील, मला थांबता येत नाही. आणि माझ्याकडे कारण तयार होतं, चांगलं धंद्यातलं कारण. पुस्तक छापून झालं की त्याच्या तिन्ही कडा यंत्राखाली घालून कापतात. पानाची कड ही कापण्यासाठीच असते. पान लावणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात, महत्त्वाचं काही कडेला ठेवू नकोस. मीही नव्या पोरींना वर्षानुवर्षं तेच शिकवलं. फोटोच्या कडेला काय असणार? खांब, भिंतीचा पोपडा, कुणाची तरी चप्पल. मी स्वतःला म्हटलं, चालतंय, आणि कामाला लागले.

काम मला आवडायला लागलं हे कबूल करायला हवं. सकाळी आंघोळ झाली की खिडकीशी बसायचं. फुंकणीनं धूळ उडवायची, मऊ ब्रश फिरवायचा, स्लाइड सरकवायची, मधला चेहरा टोकदार दिसेपर्यंत भिंग फिरवायचं. दुपारी संगणकावर रंग सुधारायचे, कारण साऱ्या स्लाइडी विटकरी पडलेल्या. बऱ्याच स्लाइडींवर बुरशीची जाळी चढली होती. इथल्या दमट हवेत दुसरं काय होणार? एकेक रंग परत यायचा. दारासुरमच्या देवळाची पायरी, पट्टीश्वरमच्या शेतात उभा असलेला मी न ओळखलेला बैल, रथ, उत्सवमूर्ती, पुन्हा रथ. आणि सणांचे फोटो. जुन्या घराच्या मधल्या चौकात, ज्याला आम्ही मुट्रम म्हणतो, तिथं आम्ही सगळे उभे. आई मधोमध, हसरी, केसांत फूल. तिचा चेहरा मी इतका सुधारला की मलाच तिच्याशी बोलावंसं वाटायचं.

या सणांच्या फोटोंत बऱ्याच वेळा डाव्या कडेला काहीतरी अर्धवट असायचं. पातळाचा काठ, एखादं कोपर, हातातल्या वाढायच्या डावाचा दांडा. ते मला खटकायचं. माझ्या डोळ्याला अर्धवट कड सोसत नाही, ती धंद्यातली खोड आहे. मग मी फोटो आणखी थोडा आत घ्यायची, आई बरोब्बर मध्ये येईल असा. कोपर जायचं. फोटो स्वच्छ दिसायचा. मी खूश व्हायची आणि पुढची स्लाइड उचलायची.

दुपारी कॉफी देताना काकू विचारायची, "आलें कां मी?"

"येशील, येशील," मी संगणकातून मान न काढता म्हणायची. "अजून डब्या आहेत."

आषाढाला, आमच्याकडच्या आडी महिन्याला, कावेरीला पाणी आलं तोवर माझ्या डब्या संपल्या. मला कपाट रिकामं हवं होतं. डब्यांना वास मारत होता, बुरशी शेजारच्या कपड्यांना लागेल अशी भीती होती. मी सगळ्या एका पिशवीत भरल्या आणि सकाळच्या कचऱ्याच्या गाडीसाठी दाराशी ठेवल्या. काकूनं पिशवी आत आणली.

"देव आहेत त्यांत," ती म्हणाली. "रथावरचे देव आहेत. त्यांना कचऱ्याच्या गाडींत घालतेस?"

बरोबरच होतं तिचं. आमच्या गावात देवाचा जुना फोटो, फाटलं कॅलेंडरसुद्धा कुणी कचऱ्यात टाकत नाही. पिंपळाखाली ठेवतात, नाहीतर पाण्यात सोडतात. मी म्हटलं, बरं, नदीत सोडू. आता, देवांच्या स्लाइडी वेगळ्या काढून बाकीच्या ठेवता आल्या असत्या. एका दुपारचं काम. पण देव एकीकडे आणि माणसं एकीकडे निवडत कोण बसणार? मला कपाट रिकामं करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी घाटाच्या पायऱ्यांवर गेलो. काकूनं पिशवीत कुंकू टाकलं, एक फूल टाकलं. आणि मग पिशवी माझ्या हातात देण्याआधी विचारलं, "अवघें आतां टीव्हींत आहे ना?"

"सगळं आहे," मी म्हटलं.

मी पायरीवर वाकून मुठीमुठीनं स्लाइडी पाण्यात सोडल्या. पुठ्ठ्याच्या थोडा वेळ तरंगल्या, एकमेकींना चिकटल्या आणि वळणाच्या पुढं गेल्या. नदीत प्लॅस्टिक घालतो आहोत याची तेवढी मला लाज वाटत होती, आणि आपल्याला त्याची लाज वाटते याचा थोडा अभिमानही. काकू हात जोडून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काम मार्गी लागल्याचं समाधान होतं.

गोकुळाष्टमीला भाऊ आला, बरोबर त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी. फराळ झाला, दारापासून देवापर्यंत पिठाची बाळपावलं काढून झाली, आणि संध्याकाळी टीव्हीवर फोटो बघायचं ठरलं. मी तयारी करत होते तेवढ्यात काकू आतून तिरुभुवनमची रेशमी साडी नेसून बाहेर आली. नातेवाइकांच्या लग्नालाही ती एवढ्यात ती साडी नेसत नाही.

"फोटो बघायला रेशमी?" भावानं तिला छेडलं.

"इतक्या वर्षांनी मज मलाच भेटायचं आहे," ती म्हणाली. "जुनेर नेसून कशी भेटूं?"

आम्ही हसलो. तिची खुर्ची मी टीव्हीच्या अगदी समोर ओढली.

पहिले फोटो देवळांचे होते. मग चौकातले सुरू झाले. भावाची खाली रुंद होत जाणारी विजार बघून त्याची मुलगी पोट धरून हसली. फोटोत आई आली तेव्हा भाऊ म्हणाला, "काय सुंदर केलंस गं तू." मी स्तुती पदरात पाडून घेतली. काकू म्हणाली, "ही दिवाळी. ह्यांत आहें मी. येथें, डावीकडे." मी म्हटलं, "पुढच्यात असशील." पुढचा आला. "ही संक्रांत. ह्यांतही आहें, मी पोंगलची हंडी उतरवून बाहेर आलें होतें." नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या फोटोला ती खुर्चीत पुढं सरकली. मग तिनं मान डावीकडे वाकवली आणि टीव्हीच्या कडेच्या आत बघायचा प्रयत्न केला. दाराच्या फटीतून आत कोण आहे बघतात तसं. मी तिच्याकडे बघितलं, आणि तो चौक मला आठवला.

सण म्हणजे काकूचं सोवळं. आमच्याकडे त्याला मडी म्हणतात. पहाटे न्हाऊन ओलेत्यानं स्वयंपाकाला लागलेली बाई, नैवेद्य होऊन पानं वाढेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. वडील फोटो काढायचे ते नेमके त्याच वेळी, नैवेद्याच्या आधी, चौकात ऊन उतरलेलं असताना, आमचे नवे कपडे मळायच्या आत. काकूला ते हाक मारायचे. ती स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर यायची आणि आम्हां सगळ्यांपासून हातभर लांब उभी राहायची, कुणाचा पदर लागू नये म्हणून. स्वयंपाकघर डावीकडे होतं. वडील तिला घेण्यासाठी मागं मागं सरकायचे, पाठ रगड्याला लागेपर्यंत. त्याहून मागं जायला जागाच नव्हती. तेवढ्यात ती कशीबशी मावायची. अगदी कडेला, पण मावायची. हे मला माहीत होतं. मी तिथं होते, नवा परकर घालून दर वेळी तिथं उभी होते. "काकूला शिवू नको" म्हणून आईनं माझा दंड धरून ठेवलेला असायचा.

पुढचा फोटो आला. हा कापायचा माझ्याकडून राहून गेला होता. डाव्या कडेला एक कोपर होतं, ओल्या पातळाचा काठ, आणि मनगटावर तांब्याचं कडं. ते कडं काकूच्या हातात आजही आहे.

"आज्जी, तुम्ही एकाही फोटोत कशा नाही?" भावाच्या मुलीनं विचारलं.

काकूनं मान सरळ केली आणि खुर्चीला टेकून बसली. "मज मडी असे," ती म्हणाली. "मी फोटोंत येतच नव्हतें. तुज आजोबा बोलवायचे, मीच जात नसें."

"काकू लाजायचीच फोटोला," भाऊ म्हणाला. "मला आठवतंय."

त्याला काहीही आठवत नव्हतं. आणि मी, जिला सगळं आठवलं होतं, तोंड उघडून एवढंही म्हणाले नाही की थांबा, ती आहे, ती प्रत्येक फोटोत होती, मी तिला कापलं. रिमोट माझ्या हातात होता. मी पुढचा फोटो लावला. काकूनं मला सगळ्यांसमोर झाकून घेतलं आणि मी झाकून घेऊ दिलं. ती शेवटपर्यंत बसून राहिली, नावं सांगत राहिली, कोणता सण ते सांगत राहिली. रेशमी साडीच्या निऱ्या तिनं मांडीवर नीट धरल्या होत्या.

भाऊ गेला त्या दिवशी मी संगणक उघडला. माझ्या सुधारलेल्या फोटोंखाली कॅमेऱ्यातून निघालेले मूळ फोटो होते. त्यात मी नंतर कापलेलं परत मिळणार होतं. नळीनं जे बाहेर ठेवलं ते मात्र कुठंच नव्हतं. मी एकेक उघडत गेले. एक कोपर. बोटं, डावाच्या दांड्यावर. खांद्याचा गोल आणि त्यावर पाणी निथळणाऱ्या केसांची बट. पदराचं टोक. एका ठिकाणी कान, कुडीसकट, आणि त्यानंतर चित्राची कड. चेहरा एकातही नाही.

मी घाटावर गेले. काय मिळणार होतं तिथं? पाणी वर चढलं होतं, खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. कपडे धुणाऱ्या बाईला मी विचारलं, इथं पुठ्ठ्याचे लहान चौकोन कधी लागले का काठाला. तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. घरी येऊन मी कॅमेरा काढला तर नळीच्या खाचेत एक स्लाइड तशीच अडकलेली. शेवटची, काढायची राहिलेली. मी ती ओढून काढली. खिडकीशी धरून पाहिली. रथ होता. रथ आणि दोरखंड, आणि माणसांच्या पाठी.

भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. या वयात तिला काय करायचंय फोटो घेऊन?" मी त्याच्यावर अशी काही भडकले की त्यानं फोन ठेवला. नंतर वाटलं, त्याच्यावर कशाला भडकले? मी तर हे शब्द न उच्चारता तसंच वागले होते.

काकूशी बोलायला मला वेळ लागला. ती काही झालंच नाही अशी वागत होती, आणि त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटत होतं. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर मी दोन उलट बोलले असते आणि रडून मोकळी झाले असते. पण ती सकाळी कॉफी द्यायची, दुपारी ताक. फक्त "आलें कां मी" विचारणं बंद झालं होतं. रेशमी साडी तिनं त्याच रात्री घडी घालून आत ठेवली.

एका सकाळी ती जमिनीवर पेपर पसरून कीरै, म्हणजे पालेभाजी, निवडत होती. मी संगणक घेऊन तिच्यासमोर बसले.

"काकू, तू फोटोत होतीस," मी म्हटलं. "सगळ्या सणांच्या. तू खोटं सांगितलंस."

"तर काय सांगायचं होतं?" ती म्हणाली. पानं खुडणं थांबलं नाही. "पोरीसमोर तुज मान खालीं घालायची?"

मी सांगितलं. नळी कशी अपुरी होती, थोडं थांबले असते तर नळीत बसवायचं कडं मिळालं असतं, मी कशी थांबले नाही. जे उरलं होतं तेही मी कसं कापलं. स्लाइडी नदीत सोडताना 'सगळं आहे' म्हणाले तेव्हा मी बघितलंसुद्धा नव्हतं. आमच्या भाषेत सांगत होते, पण मधेच पुणेरी यायला लागलं. पुण्यात माफी मागायची फार सवय लागली होती मला. तिनं मला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मी कोपर दाखवलं, मग बोटं, मग खांदा. संगणक तिच्या डोळ्यांजवळ धरला आणि चित्र मोठं केलं.

तिनं हात पदराला पुसले आणि बराच वेळ पाहिलं. बोटांवर आली तेव्हा स्वतःची बोटं तिनं शेजारी धरली. "किती सरळ होतीं गे," ती म्हणाली. कानाशी आली तेव्हा कुडी ओळखली, ती कुठल्या सोनाराकडे मोडली ते सांगितलं. तिला आनंदच झाला असावा, खरंच झाला असावा, कारण ती हसली. "पुढें?" तिनं विचारलं.

"पुढं नाही," मी म्हटलं. "तोंड नाही."

तिनं पुन्हा एक काडी उचलली. मग खालचा देठ तोडत, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ घातलंस का विचारावं तशी म्हणाली, "दोन महिने तूं हे बघत होतीस. दिवाळी, संक्रांत, अवघें. रोज मी विचारत होतें. ह्यांत मी नाही हें तुला कधीं कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. काम करता करता शंका आली होती, असं म्हणता आलं असतं.

"त्या संध्याकाळी," मी म्हटलं. "तू वाकून बघायला लागलीस तेव्हा."

"म्हणजे मज कळल्यावर."

"हो."

तिनं मान हलवली. मग निवडलेली भाजी उचलून ती आत गेली, आणि मी पेपरवरचे देठ गोळा करत तिथंच बसून राहिले.